मागची खाच

उकंडरावांच्या जुन्या रिव्हॉल्वरची नेम धरायची मागची खाच मधल्या रेषेपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर डावीकडे सरकून गंजली होती. रायफल क्लबात त्यांचा नेम चुकायचा. "बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या," असं लेक रागिणी म्हणाली, की उत्तर ठरलेलं: "डोयाले काई नाई झालं. खाच अडकली हाय."

शेवटी तिनंच त्यांना अमरावतीत बंदुका दुरुस्त करणाऱ्या ताहेरभाईंकडे नेलं. ताहेरभाईंनी खाचेत तेल मुरू दिलं, पितळेची कांडी टेकवून हलके ठोके दिले आणि सुटलेली खाच मधोमध आणली.

क्लबात आधी ताहेरभाईंनी स्वतः गोळी झाडून पाहिली. ती निशाण्याच्या कागदावर बरोबर मधल्या काळ्या ठिपक्यात लागली. मग उकंडरावांनी गोळ्या झाडल्या. कागदाला एकही लागली नाही.

"आता ठोकाले काई उरलं नाई, काका," ताहेरभाई हळूच म्हणाले.

उकंडरावांनी रिव्हॉल्वर रिकामी करून टेबलावर ठेवली. बराच वेळ ते समोरच्या कागदाकडे डोळे बारीक करून पाहत राहिले.

"रागिणी, अकोल्याच्या त्या डोयाच्या डॉक्टरले फोन लाव. त्याले सांग, बाबा ऑपरेशनले येऊन राहिले."