पिंजऱ्यातले साहेब

“म्हणजे अस्वल समोर आलं की पळायचं नाही, किंचाळायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही. साहेब, हे नियम अस्वलासाठी आहेत की नव्या सुनेसाठी?”

वनखात्याच्या कचेरीतले दोन्ही कारकून हसले आणि साहेबांनी वळून पाहताच फायलीत बुडाले.

साहेब नवीन होते. नदीच्या वळणावर अस्वलाचे ठसे सापडल्याबरोबर त्यांनी तिथली मासेमारी बंद करून टाकली होती. त्याच वळणावर गळ टाकून मासेवाल्या मावशींचं निम्मं आयुष्य गेलं होतं. बाजारातला त्यांचा ओटा त्या वळणावरच चालायचा. आता ओटा रिकामा होता, आणि मावशी रोज कचेरीत येऊन ठाण मांडत होत्या. आज नवऱ्यालाही आणलं होतं. तो शिंपी. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, त्यामुळे त्याने मध्ये बोलायचा प्रश्नच नव्हता.

“अजून ऐका,” मावशी म्हणाल्या. “नदीकडे जाताना मोठ्याने बोलत जायचं. धरलेले मासे झाकणाच्या डब्यात. आतडी वाहत्या धारेत. अस्वल आलंच तर पाठ न दाखवता, अदबीने बोलत, हळूहळू मागे सरकायचं. झालं ना सगळं पाठ? उठवा बंदी.”

“पाठ असणं वेगळं, मावशी. अस्वल समोर आल्यावर कुणाला काही आठवत नाही.”

“तुमच्यासमोर आलंय कधी?”

साहेबांनी भिंतीवरच्या अस्वलाच्या तक्त्याकडे पाहिलं. त्यांची आणि अस्वलाची ओळख तेवढीच होती.

“माझं प्रशिक्षण झालंय.”

“म्हणजे नाही.”

कारकुनांची फाईल हलू लागली. साहेबांचे कान लाल झाले.

“असं करा. खऱ्या अस्वलासमोर उभं राहून दाखवा, त्याच क्षणी वळण उघडतो. नाही जमलं तर तिथे तारेचं कुंपण. कायमचं. बास?”

विषय संपला असं साहेबांना वाटलं.

“उद्या सकाळी या,” मावशी म्हणाल्या. नवऱ्याने दोन बोटं दाखवली. “बरं, परवा या.”

“परवा अस्वल येईलच कशावरून?”

“त्याला दुसरं काम काय?”

शिंपी तक्त्यावरच्या अस्वलाकडे बघत होता. मान तिरकी, एक डोळा मिटलेला.

परवा साहेब आले. वळणावर खात्याचा लोखंडी पिंजरा होता, अस्वल धरण्यासाठी ठेवलेला. निरीक्षकाने सुरक्षित अंतर राखावं असा नियम होता. साहेब चहाचा थर्मास घेऊन पिंजऱ्यात बसले आणि दार लावून घेतलं. दार आतून उघडत नाही हे त्यांना दार लागल्यावर कळलं.

मावशी टोपली आणि माशांचा झाकणाचा डबा शेजारी ठेवून गळ टाकून बसल्या. बराच वेळ काही झालं नाही. साहेबांना धीर आला. ते कुंपणाची लांबी नजरेने मोजू लागले.

मग लव्हाळं हललं आणि अस्वल बाहेर आलं.

“अहो, ही काय वेळ झाली?” मावशी कडाडल्या. “उन्हं डोक्यावर आली!”

“मावशी, आवाज खाली!” साहेब कुजबुजले. “नजर खाली!”

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं.

“हां, आता कसं! पण पोट केवढं सुटलंय ते.”

अस्वल गुरगुरलं. साहेबांच्या हातातला थर्मास पडला.

“इतकं जोरात नको हो. साहेब आत आहेत, पळून जाणार नाहीत.”

अस्वलाने झाकण उडवून डब्यात तोंड घातलं. आता मात्र मावशी खरोखर भडकल्या.

“ओट्यावर विकायचे मासे आहेत ते! असं ठरलं होतं का आपलं?”

त्यांनी अस्वलाचा कान धरला आणि पिळला. चांगला पिळला. अस्वल थबकलं. अर्धा मासा तोंडाबाहेर लोंबत होता. त्याने मावशींकडे पाहिलं. मावशींनी नजर हटवली नाही.

“निघा. सरळ घरी. आणि अंघोळ करा आधी, काय वास मारतोय!”

अस्वल गेलं. जाताना एकदा वळून पाहिलं आणि चालण्याचा वेग वाढवला.

मावशींनी पिंजऱ्याचं दार उघडलं. साहेब गज धरत बाहेर आले.

“तुम्ही एकही नियम पाळला नाहीत,” ते म्हणाले.

“अदबीने बोलले की.”

ते मात्र खरं होतं. अस्वलाला अहोजाहो करणारी बाई साहेबांनी प्रशिक्षणातही पाहिली नव्हती.

“वळण उघडलं,” साहेब म्हणाले. बंदीची पाटी त्यांनी स्वतः उपटली. मावशींची टोपलीही स्वतःच खांद्यावर घेतली आणि त्यांच्यामागून घरापर्यंत निघाले. वाटेत त्यांनी विचारलं, कचेरीतल्या लोकांना चार गोष्टी शिकवाल का? मावशी म्हणाल्या, बघू, वेळ मिळाला तर. बाजारातून जाताना त्या मुद्दाम रस्त्याच्या मधून चालल्या.

बाजारामागच्या त्यांच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी हसत आत शिरल्या. साहेब टोपलीसकट उंबऱ्याशी थांबले.

“अगं, ओरडू नकोस, आधी ऐक,” आतून शिंप्याचा आवाज आला.

तो शिलाई मशीनला टेकून उभा होता. गळ्यापासून पायापर्यंत काळी केसाळ फर, काखेत अस्वलाचं डोकं. घामाने तो निथळत होता.

“पाठीची चेन पहाटेपासून अडकलीय. ना वर, ना खाली. असा अर्धा उघडा नदीपर्यंत येणार कसा? इथेच बसलोय सकाळपासून. साहेबांना काय सांगितलंस, अस्वल का नाही आलं म्हणून?”