अकरा मिनिटांची फिल्म

“पुन्हा एकदा लावा ना, सिस्टर. तेवढं शेवटचंच.”

झालं! सिस्टरने कपाळाला हात लावला. बाळंतपणाच्या तयारीचा हा आठवा वर्ग, आणि आठही वेळा शेवटच्या खुर्चीवालीचं हेच टुमणं. बाकीच्या बायका चटया गुंडाळून, पायानेच चपला चाचपत निघाल्या होत्या. एक जाता जाता म्हणालीच, “हिचं बाळ तिकीट मागतच बाहेर येणार बघा!”

फिल्म अकरा मिनिटांची. एका बाईचं बाळंतपण, कळा सुरू झाल्यापासून बाळ वर उचलेपर्यंत. चेहरा दाखवायचा नाही, या अटीवर त्या बाईने आधीच सही दिलेली. त्यामुळे दिसतात ते गुडघे, पलंगाचा दांडा आणि डॉक्टरांची पाठ. शेवटी बाळ टाहो फोडतं आणि वर्गातल्या बायका हमखास टाळ्या वाजवतात. शेवटच्या खुर्चीवालीने कधी वाजवल्या नाहीत. तिचे दिवस भरत आले होते. श्वासाचे व्यायाम सुरू झाले की ही खिडकीबाहेर बघणार. फिल्म लागली की पुढे सरकून बसणार.

सिस्टरला तिची काळजी वाटायची, आणि काळजी वाटली की सिस्टरच्या जिभेला हाड राहायचं नाही.

“दुसऱ्या खेपेची बाई तू! पहिलटकरणींना धीर द्यायचा, तर तूच हातपाय गाळून बसलीस. पहिलं कोणाकडे ठेवून येतेस गं?”

ती पोटावरून हात फिरवत राहिली.

सिस्टरच्या मते दुखणं उघड होतं. भीतीने डोक्यात घर केलं होतं. अशा बायका ऐन वेळी टेबलावर गळाठतात, जोर लावायचं विसरतात; सतरा वर्षांत तिने थोड्या पाहिल्या नव्हत्या. आणि आज तर नवी फिल्म आली होती. सगळी रंगीत चित्रं, रक्ताचा थेंब नाही. जुनी काढून टाका, असं वरून सांगणंच होतं. बरंच झालं, हिच्याही डोक्यातून जाईल.

“इकडे ये.” तिने लॅपटॉप वळवला. “ही बघ जुनी. आज ही जाणार.”

“नको!” ती खुर्चीला धरून उठली. “सिस्टर, पाया पडते तुमच्या. माझं होईपर्यंत तरी राहू द्या. ते रडणं ऐकल्याशिवाय मला आत जायचा धीर नाही होणार.”

“तेच तर काढायचंय डोक्यातून!”

सिस्टरने बटण दाबलं. खरंच पुसायची का, असं लॅपटॉपने विचारलं. तिने हो म्हटलं. फिल्म गेली.

ती मटकन खाली बसली. रडली नाही, भांडली नाही. नुसती रिकाम्या पडद्याकडे बघत राहिली. आता मात्र सिस्टरलाच भरून आलं. आपण जरा जास्तच केलं की काय, असं वाटलं. तिने खुर्ची जवळ ओढली, तिचा गार पडलेला हात हातात घेतला आणि आजवर वर्गात कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगून टाकली.

“अगं वेडे, कशासाठी एवढा जीव टाकतेस? तो आवाज त्या बाळाचा नव्हताच मुळी. मूळ शूटिंगमध्ये रडणं आलंच नव्हतं म्हणे. बाळ रडलं नाही तर बायका घाबरतील, म्हणून व्हिडिओवाल्याने दुसऱ्याच कुठल्या तरी बाळाचं रडणं वरून चिकटवलं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “ती बाई मीच. माझी पोर रडलीच नव्हती, सिस्टर. ती फक्त तुमच्या या खोलीत रडायची.”