मखमली दंड

फ्रान्सचा मार्शल व्हायचं म्हणून ओर्व्हिलाक वीस वर्षं घोड्यावरून उतरला नव्हता. शेवटी राजाने मार्शलपदाची खूण म्हणून निळा मखमली दंड त्याच्या हातात दिला, भर दरबारात ‘भाऊ’ म्हणून हाक मारली, आणि त्याच आठवड्यात त्याला फौजेतून परत बोलावलं. ऱ्हाईनवरच्या छावणीत एक जुना मार्शल होताच, आणि एका मार्शलने दुसऱ्याच्या हाताखाली लढायचं म्हणजे पदाची अब्रू गेली.

तेव्हापासून तो पॅरिसात बसून सरदारांच्या मानापमानाची भांडणं मिटवत होता, कारण तेही मार्शलचंच काम. चर्चमधली खुर्ची कोणी कोणाच्या पुढे सरकवली, हे ऐकून ऐकून त्याचं डोकं उठायचं.

आज समोर दोन कर्नल होते. ओर्व्हिलाकच्याच जुन्या घोडदळाच्या आघाडीला कोणी राहायचं, यावरून त्यातल्या ब्रेझाकने दुसऱ्याच्या थोबाडीत मारली होती.

“माफी माग त्याची,” ओर्व्हिलाक म्हणाला.

“नाही मागणार. आणि रागावू नका मार्शलसाहेब, तुमचं काय, तुम्ही शेकोटीशी बसलेले. या वसंतात नदी ओलांडायची आहे ती आम्हाला.”

ओर्व्हिलाकची दंडावरची मूठ आवळली गेली. कारकुनाने लेखणी बुडवली. “शिक्षा काय लिहू साहेब? तुरुंग?”

“तुरुंगातून माणूस कधीतरी सुटतो. राजेसाहेबांना लिहा, याला मार्शल करा.”