मायलेकींची प्रयोगशाळा

"पाचवी स्लाइड परत," मॅडम म्हणाल्या. "आणि 'म्हणजे' किती वेळा म्हणतेस! मोजून नऊ."

सभागृहाबाहेर तिची ही चौथी रंगीत तालीम चालली होती. डॉक्टरेट मिळून जेमतेम वर्ष झालेलं, परिषदेत बोलायची ही पहिलीच वेळ. मॅडमनी खुर्ची पुढे सरकवली, पण तिने नको म्हटलं. बसली तर पुन्हा उठवणार नाही अशी तिला धास्ती होती.

"सगळं पाठ आहे मॅडम," ती म्हणाली. घरात काय वाट्टेल ते, कामावर मात्र मॅडमच. हा नियम दोघींनी मिळून केला होता. पण लोकांची तोंडं कोण धरणार? 'मायलेकींची प्रयोगशाळा', 'वशिल्याचं तट्टू', सगळं तिच्या कानावर आलं होतं. हे काम आपलं स्वतःचं आहे, एवढंच आज तिला सिद्ध करायचं होतं.

ती बोलली. पेप्टाइडची औषधी साखळी रक्तात गेली की टोकाकडून कुरतडली जाते, वीस मिनिटांत संपते. तिने दोन्ही टोकं जोडून साखळीचं कडंच करून टाकलं होतं. ते सहा तास टिकत होतं.

पहिल्या रांगेतले एक प्राध्यापक उठले. खुसपटं काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"कडं कशावरून? दोन साखळ्या एकमेकींना चिकटल्या असतील."

"मग वजन दुप्पट भरलं असतं. एकीचंच भरलं," ती म्हणाली. "द्रावण अगदी पातळ ठेवलं होतं. शेजारीण सापडली नाही की साखळी स्वतःचंच शेपूट पकडते."

सभागृह हसलं. प्राध्यापक हसले नाहीत.

"ही युक्ती तुमच्या मॅडमची?"

"छे! त्या नकोच म्हणत होत्या. चार महिने भांडलो आम्ही."

मागच्या रांगेत मॅडम उभ्या राहिल्या. "खरं आहे. चूक माझी होती."

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "थोडा नमुना मला पाठवाल? आमच्याकडे पुढचे प्रयोग करू."

त्यांच्या तोंडून इतकं कौतुक आजवर कोणी ऐकलं नव्हतं. टाळ्या थांबेनात. ती व्यासपीठावरून उतरली. मॅडम जवळजवळ धावतच आल्या आणि नियम-बियम विसरून सगळ्यांसमोर तिला बिलगल्या.

"मला पहिलीत सोडताना रडली होतीस ना," त्या म्हणाल्या, "तशी रड आता खुशाल, आई."