पाठीवरचा क्रमांक

नाताळच्या दहा दिवसांतली ही सातवी सायकलशर्यत. गेंट शहराजवळच्या चिखलाच्या मैदानाबाहेरच्या गाडीत फेना पाठमोरी बसली होती आणि बाप तिच्या जर्सीवर क्रमांकाचा कागद पिनांनी लावत होता. तिच्या सायकली धुवायला आणि दुरुस्त करायला त्यानं आठ वर्षांपूर्वी गावातली बेकरी बंद केली होती. परवा पडल्यापासून तिचं मनगट सुजलं होतं, ब्रेकसुद्धा धड दाबवत नव्हता. "पप्पा, मला नाही जायचं. आजच नाही, कधीच नाही." बापाचे हात थांबले. आता हा भडकणार, म्हणून तिनं डोळे मिटले. "मीही कंटाळलोय गं," तो म्हणाला. "तुझ्यासाठी म्हणून रेटत होतो." "आणि मी तुझ्यासाठी!" दोघांनाही हसू फुटलं. तेवढ्यात बाहेर दोन बस भरून आलेलं गाव तिच्या नावाचा जयघोष करू लागलं. बापानं खिडकीतून त्या गर्दीकडे पाहिलं आणि शेवटची पिन लावली. "जा पोरी, मनगट सांभाळ."