चार सेकंद

रक्त गोठायला किती सेकंद लागतात, हे लॅबमधल्या ताई वीस वर्षं काचनळी तिरकी करून, स्टॉपवॉच लावून मोजत आल्या होत्या. नवं मशीन आलं, तेव्हा तेच नमुने ताईंनी आणि मशीनने तपासले. साधं रक्त जुळलं. उशिरा गोठणाऱ्या रक्ताचा ताईंचा आकडा मात्र दरवेळी चार सेकंद कमी निघाला.

"चुकतंय कोण, ताई? मशीन की तुम्ही?" डॉक्टर हसत म्हणाले.

ताईंनी सगळे नमुने, आणि गोठण्याची वेळ आधीच ठाऊक असलेला एक, पुन्हा लावले. "मीच," त्या म्हणाल्या.

घरी लेकीने दार उघडलं. "आई, चेहरा का असा पडलाय?"

ताईंना तिच्याकडे बघवेना.

तिला जन्म देताना रक्त थांबेना म्हणून गेलेल्या धाकट्या बहिणीला, बाळंतपणाच्या आदल्या दिवशी रक्त तपासून "वेळेत गोठतंय, बिनघोर जा" असं ताईंनीच सांगितलं होतं.