उलट्या तारा

सुतारानं टेबलावरची चादर ओढून काढली आणि बायकोच्या चेहऱ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत उभा राहिला. स्तुती ऐकायची असली की तो असाच दुसरीकडे बघे.

टेबलावर तिची बेस गिटार होती. कितीतरी दिवस मागच्या खोलीला आतून कडी लावून तो तिच्यावर खपत होता. पोपडे आलेला रंग पार लाकडापर्यंत घासला, पॉलिशचे हात मारले, गंजलेल्या खुंट्या बदलल्या, खरखरणारी बटणं नव्यानं सोल्डर केली.

"हिची तर कांतीच उजळली," बायको म्हणाली. "माझंही घे कधीतरी मनावर."

त्याचा जीव भांड्यात पडला. दुखण्यातून उठल्यापासून ती पहिल्यांदाच थट्टा करत होती. त्यानं स्पीकर लावला आणि गिटार तिच्या मांडीवर ठेवली.

तिनं उजव्या हातानं डावा हात उचलला आणि गिटारच्या मानेखाली नेऊन टेकवला. लकवा मारल्यापासून त्या हाताची बोटं अर्धवट मिटलेलीच असत. मग उजवा अंगठा सवयीनं वरच्या तारेवर गेला. तिथून खर्जातला सूर यायला हवा होता. आला तो बारीक.

"तारा उलट्या लागल्यात."

"लागल्या नाहीत, लावल्यात. आता फिरवून धर. उजव्या हातानं दाबायचं, डाव्यानं नुसतं छेडायचं. त्याला काही जोर लागत नाही."

माणसानं वाकण्यापेक्षा लाकूड वाकवावं, हा त्याचा खाक्या. ती दवाखान्यातून आली तेव्हापासून त्यानं दारांच्या मुठी, कपाटांचे कप्पे, न्हाणीघरातला दांडा, सगळं तिच्या उजव्या हाताला येईल असं करून टाकलं होतं. ती निमूटपणे वापरत होती. गिटारचंही तसंच होईल, असं तो धरून चालला होता.

तिनं गिटार फिरवली नाही.

"दारं फिरवलीस, कपाटं फिरवलीस, मी काही बोलले नाही. म्हटलं, हात बरा होईपर्यंत सोय. मग मी रोज या हातानं तो व्यायामाचा चेंडू दाबत बसते, तो कशासाठी?"

"तुला वाजवता यावं म्हणून केलं गं. डॉक्टर म्हणाले होते ना, की आता फार..."

"डॉक्टर काय म्हणाले ते मीही ऐकलंय. मी ते मानलं नाही. तू मानलंस."

त्याला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. आधी रागच आला. एवढा जीव ओतून केलेलं काम, आणि त्याचं हे फळ. मग तो राग जिरला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. तिनं न सोडलेली आशा त्यानं सोडली होती, आणि वरून पॉलिश चढवलं होतं.

"होती तशी कर," ती म्हणाली. "आत्ता."

तो स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. समोर खुर्ची ओढून त्यानं तारा सैल केल्या आणि त्या जिथे अडकवल्या होत्या ती पट्टी खोलायला घेतली. पहिला स्क्रू निघाला, तसा तो ठेवायला वाटी शोधू लागला.

"इकडे दे." तिनं डावा हात टेबलावर ठेवला आणि उजव्यानं त्याची बोटं एकेक करून उघडली.

"सांडतील."

"सांडू देत."

त्यानं स्क्रू तिच्या तळहातावर ठेवला. मग दुसरा. तिसरा ठेवताना हात जरासा कलला आणि स्क्रू घरंगळत जमिनीवर गेला. सुतार टेबलाखाली शिरला, चाचपडून त्यानं स्क्रू शोधला, आणि वर येऊन पुन्हा तिच्या त्याच हातात ठेवला.